एक्केचाळीस ‘जणू’

संग्रहाची फाईल उघडली, शोधाच्या चौकटीत ‘जणू’ टाइप केलं आणि आकडा आला ४१. मग ‘सारखा’, ‘सारखी’, ‘सारखं’ अशी सगळी रूपं शोधली. ती ६३. ‘भासे’ आणि ‘वाटे’ मोजलेच नाहीत, तेवढी हिंमत उरली नव्हती. कविता होत्या ७०. म्हणजे दर कवितेत सरासरी दीड वेळा मी एखादी गोष्ट बघून ती दुसरीच काहीतरी आहे असं म्हणत होते.

हे मोजायला लावलं बाईंनी. बाई कवयित्री आहेत, माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या, आणि कवितेच्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. नऊ वर्षांत लिहिलेल्या कवितांचा गठ्ठा त्यांच्याकडे दिला तेव्हा मला खरं तर प्रस्तावना हवी होती. पहिला संग्रह, रान हा विषय, चार चांगले शब्द मिळाले तर बरं, एवढाच हिशेब. महिन्याने गठ्ठा परत आला. प्रस्तावना नव्हती. जिथे जिथे प्राणी, पक्षी किंवा झाड आलं होतं तिथे समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते. घुबडापुढे ‘हे कोण?’, घारीपुढे ‘ही कोण?’, वडापुढे ‘हा कोण?’ लिंग दर वेळी बघून लिहिलेलं. वाघाच्या कवितेशेजारी थोडं जास्त होतं: ‘हे तुझे वडील का गं?’

वडीलच होते ते. घुबड म्हणजे माझी निद्रानाशाची दोन वर्षं, घार म्हणजे मोडलेलं एक नातं, आणि वड म्हणजे अर्थातच आजी. रानावरच्या सत्तर कवितांत रानातलं कुणीच नव्हतं. सगळे आमच्या घरचे.

मी फोन केला. म्हटलं, “बाई, ती प्रतिमा आहे.”

“प्रतिमा कळली मला. तुझे वडीलही कळले. वाघ नाही कळला. पाहिलायस का तू?”

नव्हता पाहिला.

“मग वाचलंयस काही त्याच्याबद्दल?”

तेही नव्हतं. मी दुखावले होते हे कबूल करते. चार दिवस गठ्ठ्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी ‘जणू’ शोधले.

पुढचे आठ महिने कविता लिहिली नाही. वाचत बसले, आणि जमेल तेव्हा नुसती बघत बसले. बसून बघणं हे काम किती कंटाळवाणं असतं ते निसर्गकवितेत कुणी लिहीत नाही. दोन तासांत एक मुंगळा, आणि तोही निघून जातो. पण वाचताना जे सापडत गेलं त्याने झोप उडाली, कारण माझ्या निम्म्या कविता साफ चुकीच्या निघाल्या.

सुगरणीचंच घ्या. आईवरच्या माझ्या कवितेत सुगरण काडी काडी विणत होती. नावच तसं, स्त्रीलिंगी, कौतुकाचं, घरकामातल्या निगुतीचं. प्रत्यक्षात विणतो तो नर. गवताच्या, पात्याच्या लांब पट्ट्या फाडून आणतो आणि घरटं टोपीच्या आकाराएवढं झालं की थांबतो. मग माद्या येतात, त्या अर्धवट घरट्यात बसून बघतात. पसंत पडलं तर तो खालची नळी विणून काम पुरं करतो. नाही पडलं तर ते घरटं तसंच लोंबकळत राहतं. एकदा मादी अंड्यांवर बसली की हा गडी पुढचं घरटं विणायला आणि पुढची मादी गाठायला मोकळा. आता यात माझी आई कुठे बसवायची? (वडील बसवता आले असते, पण ते आधीच वाघ झाले होते.)

कोकिळेचं तेच. कुहू करतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज वेगळा आणि मुळीच गोड नाही. माझ्या तीन कवितांत चातक आभाळाकडे चोच करून थेंबाची वाट बघत होता. खरा चातक केसाळ सुरवंट खातो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून जातो. त्याची पिल्लं वाढवायची ती सातभाईंनी. इतकी शतकं आपण ज्याला एकनिष्ठ म्हणून मिरवला त्याचा हा संसार. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, तर उंबर म्हणजे आत शेकडो फुलं भरलेली एक पिशवीच असते. ती बाहेरून दिसत नाहीत इतकंच. तिच्या बारक्या भोकातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते आणि परागीभवन करते. मी हे वाचलं त्या रात्री माझी ‘उंबराचं फूल’ नावाची विरहकविता काढून टाकली. विरहाला काही झालं नव्हतं, पण फुलाला झालं होतं.

इथे मी दुसऱ्या खड्ड्यात पडले. माहितीची नशा चढली आणि त्या नशेत अकरा कविता लिहिल्या. त्यांतली एक पहिल्या पावसाच्या वासावर होती. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आपल्या नाकाला ते अब्जांश भागांहूनही कमी असलं तरी कळतं, १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी त्या वासाला शास्त्रीय नाव दिलं, हे सगळं मी कवितेत कोंबलं होतं. सालासकट. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, “आधी प्राणी तुझं सोंग घेऊन यायचे. आता शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून पाठ म्हणून दाखवतात.” अकराच्या अकरा गेल्या. त्यांतला ‘मृद्गंध’ हा शब्द गेला याचं मला आजही समाधान आहे. मराठी कवितेत तो इतका वापरलाय की आता त्याला कसलाच वास येत नाही.

मग कधीतरी टिटवीची कविता आली. जुन्या गठ्ठ्यात टिटवी होतीच:

रात्रभर ओरडते टिटवी
जणू माझ्याच आतला आकांत

ती तशीच फाडली. टिटवी अंडी उघड्या जमिनीवर घालते, साधारण चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. ऊन फार चढलं की ती पाण्यात जाऊन पोटाखालची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. हे मी आधी वाचलं आणि मग एका भर दुपारी खूप लांबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. कविता झाली ती अशी:

दुपार.
टिटवी पोट भिजवून येते,
चार खड्यांवर बसते.
खडा त्यांतला एकही नाही.

बाईंनी या पानाच्या समासात काहीच लिहिलं नाही. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे खूप झालं.

‘जणू’ मात्र पूर्ण हद्दपार झाले नाहीत, दोन ठेवले. एक वाळक्या पानासारखं दिसणाऱ्या फुलपाखराच्या कवितेत. ते पंख मिटून बसतं तेव्हा देठ, मधली शीर, कुजल्याचे डाग, सगळं पानाचं. दुसरा चिखल्याच्या कवितेत. घरट्याजवळ कुणी आलं की हा छोटा पक्षी पंख मोडल्याचं नाटक करत फरपटत लांब जातो, शत्रूला मागे ओढतो आणि पुरेसा लांब गेला की भुर्रकन उडतो. या दोन ठिकाणी उपमा मी दिलेलीच नाही. ती त्या जिवांनी स्वतः केलीय, मी फक्त लिहून घेतली. एवढा फरक कळायला मला नऊ वर्षं आणि आठ महिने लागले.

संग्रहाच्या नावावरून डोक्याचा भुगा झाला. ‘रान’ हा शब्द हवा होता, पण त्याच्याआधी-नंतर काय लावायचं? कोश काढून बसले तेव्हा लक्षात आलं की या बाबतीत आपली भाषा गंमतीची आहे. ‘रानटी’ ही शिवी आणि ‘रानवट’ हे कौतुक, मूळ एकच. रान म्हणजे जंगल, आणि रान म्हणजे शेतही. ‘रानात गेलाय’ याचा अर्थ नांगर घेऊन गेलाय की वाट चुकलाय हे संदर्भावरून ओळखायचं. आपण जिवाचं रान करतो, रान उठवतो, एखाद्याला रान मोकळं सापडतं. हा शब्द संस्कृतातल्या ‘अरण्या’पासून प्राकृतातून झिजत आला. ‘जंगल’ची तर आणखी मजा: संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. आयुर्वेदात दलदलीच्या ‘आनूप’ देशाच्या उलट तो ‘जांगल’ देश. किर्र झाडी ही त्या शब्दात नंतर उगवली.

याचा पुस्तकाला थेट उपयोग झाला. मी संग्रहाचे तीन भाग पाडले होते: रान, गाव, शहर. पण ज्या भाषेत पेरलेल्या जमिनीलाही रान म्हणतात त्या भाषेत हे कुंपण घालायचं कुठे? भाग काढून टाकले. नावही शेवटी नुसतं ‘रान’ राहिलं. प्रकाशकांना ते फार छोटं वाटलं. ‘रानगाणी’ किंवा ‘रानभूल’ करा म्हणाले. मी नको म्हटलं.

भाग गेल्यावर क्रमाचा प्रश्न आला. सगळ्या कविता छापून खोलीभर जमिनीवर मांडल्या आणि दहा-बारा दिवस त्यांच्यामधून पाय वाचवत चालले. आधी ऋतूंप्रमाणे लावल्या, तर दिनदर्शिका झाली. मग पहाट ते रात्र अशा लावल्या. ते बरं दिसत होतं, पण सगळ्या निशाचरांची शेवटी गर्दी झाली आणि वाचणाऱ्याला झोप येण्याच्या सुमारासच वटवाघळं, घुबड, रातवा, काजवे एकदम अंगावर. आठवडाभर अक्षरशः काही सुचलं नाही. मग वाचता वाचता डेमोडेक्स भेटला. हा आठ पायांचा, साधारण ०.३ मिलिमीटर लांबीचा जीव आपल्या पापण्यांच्या मुळाशी आणि चेहऱ्याच्या रंध्रांत राहतो. बहुतेक प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावर तो असतो. रात्री आपण झोपलो की तो बाहेर येतो, जोडीदार शोधतो आणि परत आत जातो. मी आरशासमोर उभी राहून बराच वेळ स्वतःकडे बघत होते. मी नऊ वर्षं ज्याच्या शोधात बाहेर भटकत होते ते माझ्या पापणीत राहत होतं, आणि मला विचारूनही राहत नव्हतं.

त्यावर कविता केली. तिच्यात ‘रात्री माझ्या चेहऱ्यावर कुणाचं तरी लग्न असतं’ अशी ओळ होती आणि मला ती फार आवडली होती. बाई म्हणाल्या, “लग्न कुठून आलं? जुगतात म्हण.” मी लग्न काढलं. ती कविता संग्रहात पहिली लागली आणि तिच्यामुळे क्रम आपोआप लागला: जवळून लांब. आधी अंगावरचे आणि अंगातले, मग भिंतीवरची पाल, कपाटातली वाळवी, खिडकीतला कोळी, अंगणातले सातभाई, बांधावरची टिटवी, आणि असं करत ज्यांच्यापर्यंत आपली नजरही नीट पोचत नाही ते. “वाचक पहिल्याच पानावर तोंड खाजवत बसेल,” बाई म्हणाल्या. त्यांना ते पटलंय हे मला आवाजावरून कळलं.

प्रकाशक मिळण्याची कथा थोडक्यात सांगते, तिच्यात नवीन काही नाही. पाच ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून उत्तरच नाही. एकाने सांगितलं की प्रतींची जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर बोलू. एकाने कविता न वाचता ‘प्रेमकविता आहेत का?’ एवढंच विचारलं. पाचव्याने घेतला.

त्यांच्याकडच्या संपादकांशी खरी झटापट झाली ती शब्दांवरून. ‘रातवा’ कुणाला कळणार, ‘रातपक्षी’ करा. ‘चिखल्या’ला टीप द्या. ‘उदमांजर’ ठीक आहे, पण ‘तरस’ ऐवजी निदान एकदा ‘हिंस्र श्वापद’ म्हणा. मी तेव्हा जॉन क्लेअर या इंग्रज शेतमजूर कवीबद्दल वाचत होते. त्याचा पहिला संग्रह १८२० साली निघाला तेव्हा प्रकाशक जॉन टेलरने त्याचं स्पेलिंग, विरामचिन्हं आणि काही बोलीतले शब्द ‘दुरुस्त’ केले होते. दोनशे वर्षांनी अभ्यासक ते शब्द परत शोधून लावतात. हे मी संपादकांना मोठ्या आवेशाने ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, “पण संग्रह खपला ना त्याचा?” खपला होता, हे दुर्दैवाने खरं आहे. तडजोड अशी झाली की टिपा नाहीत, शब्द माझेच, फक्त विरामचिन्हं त्यांची. रातवा रातवाच राहिला. जमिनीवर पाचोळ्यात पाचोळा होऊन बसणाऱ्या पक्ष्याला टीप द्यायची म्हणजे त्याच्यावर विजेरी मारण्यासारखं होतं. (हा एक ‘सारखं’ माझा, पण हा गद्यातला आहे.)

मग आलं छपाईचं गणित. पुस्तक सोळा पानी फॉर्ममध्ये छापलं जातं. पाच फॉर्म म्हणजे ८० पानं. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका वगैरेत आठ गेली, उरली ७२. माझ्या कवितांना लागत होती ७४. सहावा फॉर्म काढायला प्रकाशक तयार नव्हते, आणि दोन पानांसाठी मी तरी कुठल्या तोंडाने मागणार?

वाघाची कविता तीन पानी होती. बाईंच्या पेन्सिलीनंतरही मी ती आग्रहाने ठेवली होती, कारण जिथे जिथे वाचली तिथे टाळ्या आल्या होत्या. एकदा एक आजोबा माझा हात धरून रडले होते. सगळ्या संग्रहात तेवढा एकच प्राणी खोटा उरला होता आणि तोच सगळ्यात लोकप्रिय होता. हे मला आधीपासून माहीत होतं, पण तत्त्वासाठी ती काढायचं धैर्य मला झालं नसतं. ते दोन पानांनी करून घेतलं. कविता काढली. ७१ पानं झाली. एक पान कोरं राहिलं.

त्या आठ महिन्यांच्या वहीत एक नोंद होती. रतनलाल ब्रह्मचारी या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाच्या खुणेच्या फवाऱ्यावर अनेक वर्षं काम केलं. वाघ हद्द दाखवायला झाडांवर जो फवारा मारतो त्यात त्यांना जे द्रव्य सापडलं तेच सुवासिक तांदळाला वास देतं. रेणू तोच. नोंदीखाली मी तेव्हा ‘रान = शेत’ असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या आणि विसरून गेले होते. कोऱ्या पानावर हे गेलं:

वाघ येऊन गेला.
झाडाच्या बुंध्याला
भात शिजल्याचा वास.

वडिलांना हे सांगितलं नाही. त्यांना जुनी कविता पाठ होती आणि ती आपल्यावर आहे हे त्यांना कळलेलं नव्हतं. किंवा कळलं होतं. संग्रह हातात आल्यावर अनुक्रमणिका चाळून ते एवढंच म्हणाले, “वाघ लहान झाला की गं.”

मुद्रितं तीनदा तपासली. दुसऱ्या मुद्रितात ‘पानावर निश्चल बसलेली माशी’ची ‘पानावर निश्चल बसलेली मावशी’ झाली होती. दोन मिनिटं मी गंभीरपणे विचार केला की ठेवावी का. मुखपृष्ठासाठी चित्रकाराने आधी मावळत्या सूर्यापुढे उभं हरीण पाठवलं. संग्रहात एकही हरीण नाही हे सांगितल्यावर त्याने खरोखर सगळ्या कविता वाचल्या आणि मग टिटवीच्या अंड्याचं टरफल इतकं मोठं करून काढलं की ते दगडासारखं दिसतं. लोक दगड समजतात. आम्ही दोघंही दुरुस्त करत नाही.

प्रती आल्या त्या दिवशी मला अमेरिकन लेखक थोरो आठवत होता. त्याचं पहिलं पुस्तक १८४९ साली हजार प्रतींत निघालं आणि चार वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी पाठवल्या. आपल्याकडे आता सुमारे नऊशे पुस्तकांचं ग्रंथालय आहे आणि त्यांतली सातशेहून अधिक आपणच लिहिली आहेत, अशी नोंद त्याने रोजनिशीत केली. माझ्या पलंगाखाली सध्या चार खोकी आहेत. एकाला कोपऱ्यात वाळवी लागली होती, ती वेळेवर दिसली. वाळवीची कविता ३४व्या पानावर आहे. खाल्लेला कोपरा तिथपर्यंत पोचला होता का ते बघितलं, नव्हता.

त्याच रात्री छापील पुस्तकातले ‘जणू’ मोजले. तीन निघाले. दोन फुलपाखराचा आणि चिखल्याचा. तिसरा काही केल्या कवितांत सापडेना. शेवटी पुस्तक उलटं केलं तर मलपृष्ठावर, प्रकाशकांनी मला न दाखवता छापलेल्या मजकुरात होता: ‘निसर्गाशी एकरूप झालेल्या या कवयित्रीच्या शब्दाशब्दांतून जणू रानच बोलू लागते.’